इंजिनाच्या पोटातली काजळी



कंदिलाची काच आपण सर्वांनी पुसली आहे. गावात वीज आली, तरी माळ्यावर एखादा कंदील अजून असतोच. वात नीट कापलेली असली आणि तेल चांगले असले, की काच स्वच्छ राहते. वात फार वर चढवली, की ज्योत धूर ओकू लागते. काच काळी होते. उजेड कमी होतो. मग आपण काय करतो? उजेड कमी पडतो म्हणून वात आणखी वर चढवतो. काच आणखी काळी होते.

मोटारीच्या इंजिनाचेही असेच आहे. त्याच्याही पोटात काजळी धरते. मिस्त्री लोक तिला 'कार्बन' म्हणतात. कंदिलाची काच आपल्याला दिसते. इंजिनाचे पोट दिसत नाही. म्हणून तिथली काजळी लवकर कळत नाही.

ती कशी ओळखावी, ती का धरते आणि ती कशी काढावी, हे आज आपण वाचू. ती कशी काढू नये, हेही वाचू. ते आम्हाला चांगले ठाऊक आहे. कारण ती चूक आम्हीच केली आहे.

१. आमची जीप

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले. त्यानंतर लष्कराच्या पुष्कळ जीपगाड्या विकायला निघाल्या. तशीच एक विलीज जीप हातोहात फिरत आमच्या संस्थेकडे आली. पुढे मुंबईतही महिंद्र कंपनीने विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्यामुळे या गाडीचे सुटे भाग मिळत आणि ती जाणणारे मिस्त्रीही मिळत.

या जीपच्या इंजिनाला चार सिलेंडर. सिलेंडर म्हणजे लोखंडी नळा. प्रत्येक नळ्यात एक पिस्टन, म्हणजे दट्ट्या. सायकलच्या पंपात दट्ट्या खाली-वर होतो, तसा हा होतो. नळ्याची रुंदी सव्वातीन इंचांहून थोडी कमी, म्हणजे ३ पूर्णांक १/८ इंच. चारही मिळून इंजिन सुमारे २.२ लिटरचे. ताकद ६० घोड्यांची.

प्रत्येक सिलेंडरला दोन झडपा असतात. मिस्त्री त्यांना व्हॉल्व म्हणतात. एका झडपेने पेट्रोल आणि हवा आत येते. दुसरीने जळलेला धूर बाहेर जातो. या जीपच्या झडपा सिलेंडरच्या शेजारी, खालच्या ठोकळ्यातच बसवलेल्या आहेत. म्हणून वरचे 'हेड' म्हणजे नुसते एक जड झाकण. डब्याचे झाकण उघडावे तसे ते उघडता येते.

१९८६ साली ही जीप संस्थेत होती. आम्ही तेव्हा शाळेत नवे शिक्षक होतो. दर गुरुवारी जीप डॉक्टरांना घेऊन डोंगरावरच्या चार वस्त्यांवर जाई. दोन वस्त्या जवळ होत्या, दोन लांब होत्या. लांबच्या दोन वस्त्यांना दुसरे वाहन जात नव्हते.

त्या वर्षी जीप कुरकुर करू लागली. चढणीला लागली, की आतून खिळे खुळखुळावे तसा आवाज येई. पाणी लवकर तापे. जोर कमी पडे. आणि एक नवलच होई. स्विच बंद केला, तरी इंजिन चार-सहा आचके देऊन मगच थांबे. मुले म्हणत, "गुरुजी, जीपमध्ये भूत आलंय."

भूत नव्हते. काजळी होती.

२. काजळी कोठून येते?

कोळसा आपल्याला माहीत आहे. कोळसा म्हणजे बहुतेक सगळा कार्बनच. लाकडात कार्बन असतो. रॉकेलमध्ये असतो. पेट्रोलमध्येही असतो.

पेट्रोलला पुरेशी हवा मिळाली, की ते नीट जळते. त्यातला कार्बन हवेशी मिळतो आणि वायू होऊन बाहेर जातो. हवा कमी पडली, की थोडा कार्बन न जळता मागे राहतो. तो हेडच्या आतल्या बाजूला, पिस्टनच्या डोक्यावर आणि झडपांवर बसतो. त्यात जळके तेल मिसळते. उष्णतेने त्याचे कवच होते. भाताच्या पातेल्याला खरपूड धरावी, तसे ते घट्ट बसते.

काजळी धरण्याची मुख्य कारणे अशी :

पहिले. पेट्रोल जास्त आणि हवा कमी. सकाळी गाडी सुरू करताना चोक ओढतात. तो परत आत ढकलायचा राहिला, की असे होते. हवा गाळणारे डबडे धुळीने तुंबले, तरी असेच होते.

दुसरे. तेल वर चढणे. पिस्टनला लोखंडी रिंगा असतात. त्या झिजल्या, की खालचे तेल वर येऊन जळते. धुराड्यातून निळा धूर निघतो.

तिसरे. थोडे थोडे चालवणे. गाडी सुरू केली, अर्धा मैल नेली, बंद केली. असे रोज केले, तर इंजिन पुरते तापत नाही. थंड चुलीत लाकूड धुमसते, तसे पेट्रोल धुमसते.

चौथे. भेसळ. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळलेले असले, की काजळी वाढते आणि इंजिन खडखडते. दोन रुपये वाचवायला जाऊन इंजिनाचे वाटोळे होते.

आता एक गोष्ट मनात ठेवा. काजळी हा रोग नाही. ती रोगाची खूण आहे. काजळी काढली आणि कारण तसेच ठेवले, तर ती पुन्हा धरणार. काच पुसली, पण वात वरच ठेवली, तर काय उपयोग?

३. काजळीने काय बिघडते?

इथे थोडे गणित करू. ते सोपे आहे.

आमच्या जीपचा पिस्टन वर आला, की त्याच्या डोक्यावर थोडी जागा उरते. तिथेच पेट्रोलचा भडका होतो. ती जागा सुमारे १०० मिलिलिटर असते. एक लहान कप चहा मावेल, एवढीच.

पिस्टन खाली असताना एकूण जागा सुमारे ६५० मिलिलिटर. वर आला की १००. म्हणजे ६५० ची हवा १०० मध्ये दाबली जाते. दाब साडेसहा पट.

आता समजा, काजळीने १० मिलिलिटर जागा खाल्ली. वरची जागा राहिली ९०. खालची धरून ६४०. आता ६४० ला ९० ने भागा. उत्तर सातपेक्षा थोडे जास्त येते. म्हणजे माणसाने काहीच बदल केला नाही, पण इंजिनातला दाब वाढला. दाब वाढला, की पेट्रोल नीट जळण्याऐवजी एकदम फुटते. तोच तो खिळ्यांचा आवाज. त्याला 'नॉकिंग' म्हणतात.

दुसरे असे, की काजळी उष्णता धरून ठेवते. तिचे टोक निखाऱ्यासारखे लाल होते. मग प्लगची ठिणगी पडण्याआधीच त्या निखाऱ्याने पेट्रोल पेटते. स्विच बंद केला तरी ते पेटत राहते. आमच्या जीपमधले भूत ते हेच.

तिसरे. झडपेखाली काजळीचा कण अडकला, की झडप पुरती मिटत नाही. दाराच्या चौकटीत खडा अडकावा, तसे होते. तिथून जळता वायू निसटतो. झडप करपते. मग खर्च मोठा येतो.

४. आमची चूक

आमच्या गावात एक मिस्त्री होते. चाळिशी ओलांडलेले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पण इंजिनाचा आवाज ऐकून ते दुखणे सांगत. त्यांनी जीप ऐकली आणि म्हणाले, "गुरुजी, हेड उघडावं लागंल. आत काजळी दाटलीय. पण मी आठ दिवस पाव्हण्यांकडं जातोय. आल्यावर करू."

आम्हाला धीर नव्हता. गुरुवार जवळ आला होता. शिवाय आम्ही मॅट्रिक झालेले. मनात म्हटले, झाकणच तर काढायचे आहे. त्यात काय मोठे?

जीपबरोबर एक जाड इंग्रजी पुस्तक आलेले होते. इंजिन कसे उघडावे, ते त्यात चित्रांसह लिहिले होते. ते शाळेच्या कपाटात होते. कपाटाची किल्ली आमच्याच खिशात होती. आम्ही पुस्तक काढले नाही.

हेड काढले. आत पाहतो तो काळेकुट्ट. आम्ही पेचकस घेतला आणि खरवडायला लागलो. नंतर पॉलिशपेपर घेतला. घासून घासून चारही पिस्टन आरशासारखे चकचकीत केले. फार आनंद झाला.

मिस्त्री परत आले. त्यांनी पिस्टन पाहिले. बोट फिरवले. म्हणाले, "गुरुजी, कशानं घासलं?"

आम्ही म्हणालो, "फडक्याने."

हे खोटे होते. एवढ्या मोठ्या माणसापुढे आपले अज्ञान दिसू नये, म्हणून आम्ही खोटे बोललो. त्यांनी आमच्या शब्दावर विश्वास ठेवला. हेड बसवून दिले.

जीप पंधरा दिवस छान पळाली. मग निळा धूर निघू लागला. मग जोर गेला. मग ती उभी राहिली. मुसळधार पाऊस चालू होता.

पॉलिशपेपरवर कुरुंदाच्या दगडाची पूड चिकटवलेली असते. त्याच दगडाने विळा-कोयत्याला धार लावतात. ती पूड पिस्टनच्या कडेने खाली उतरली होती. पिस्टन मिनिटाला शेकडो वेळा खाली-वर होतो. त्या पुडीने सिलेंडरच्या भिंतींवर ओरखडे पाडले. रिंगा खाल्ल्या.

संस्थेची बैठक झाली. हेड कोणी बसवले? मिस्त्रींनी. मग दोष कोणाचा? मिस्त्रींचा. त्यांची मजुरी अडवून ठेवायचे ठरले. आम्ही त्याच सतरंजीवर बसलो होतो. आम्ही बोललो नाही.

सिलेंडर शहरात नेऊन आतून कातून घ्यावे लागले. ३० हजारांश इंच मोठे पिस्टन घालावे लागले. जीप आठ आठवडे उभी होती. जवळच्या दोन वस्त्यांवर डॉक्टर बैलगाडीने गेले. लांबच्या दोन वस्त्यांवर ते आठ आठवडे जाऊ शकले नाहीत.

जीप सोडवताना मिस्त्रींनी जुने तेल परातीत काढले होते. ते त्यांनी चिमटीत धरून चोळले. मग आम्हाला हाक मारली. म्हणाले, "हात लावा गुरुजी. काजळी चोळली की पीठ व्हतं. ह्याचं पीठ व्हत नाही. ह्यो दगड हाय."

त्यांनी आमच्याकडे पाहिले. पुढे काही बोलले नाहीत. गावात कोणालाही सांगितले नाही.

ते सांगते, तर आम्हाला बरे वाटले असते. ते गप्प राहिले, म्हणून आम्हाला झोप येईना. पुढच्या बैठकीत आम्ही उभे राहिलो आणि सगळे खरे सांगितले. मिस्त्रींची मजुरी त्यांना मिळाली. सिलेंडरचा खर्च आमच्या पगारातून हप्त्याने कापून घेतला. ते योग्यच झाले.

त्या रात्री मिस्त्री घरी आले. एवढेच म्हणाले, "गुरुजी, पुस्तक व्हतं ना तुमच्याकडं? मला वाचून दाखवलं असतं, तर दोघं मिळून केलं असतं."

आम्हाला वाचता येत होते, पण आम्ही वाचले नाही. त्यांना वाचायचे होते, पण वाचता येत नव्हते. जीप या दोहोंच्या मध्ये सापडली.

५. योग्य रीत

त्यानंतर आम्ही पुस्तक काढले. रोज संध्याकाळी एक पान. आम्ही वाचून मराठीत सांगत असू. मिस्त्री आपला अनुभव सांगत. पुस्तक आणि अनुभव यांची गाठ पडली, तेव्हा ही रीत हाती आली. ती अशा बाजूच्या झडपांच्या जुन्या पेट्रोल इंजिनाला लागू आहे.

*हेड काढणे*

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. गरम असताना हेड काढले, तर ते वाकते. बॅटरीची तार सोडा. रेडिएटरचे पाणी सोडून द्या. जवळ विडी-काडी नको. रॉकेल आणि पेट्रोल दोन्ही जवळ असतात.

प्लगच्या तारांना कागदाच्या चिठ्ठ्या लावा. त्यांवर १, २, ३, ४ आकडे लिहा. तारा उलटसुलट लागल्या, तर इंजिन सुरू होत नाही.

बोल्ट एकदम काढू नका. आधी सगळे पाव-पाव फेरा सैल करा. कडेकडून सुरुवात करा आणि मध्याकडे या. मग पुन्हा तसेच. निघालेले बोल्ट पुठ्ठ्याला भोके पाडून ज्या त्या जागी खोचून ठेवा.

हेड चिकटून बसलेले असते. फटीत पेचकस घालून उचकटू नका. तिथे चर पडला, की पुढे पाणी आणि वायू गळतो. लाकडी हातोड्याने कडेला हळूच ठोका.

*खरवडणे*

या इंजिनात १ आणि ४ नंबरचे पिस्टन एकदम वर येतात. तेव्हा २ आणि ३ खाली असतात. हँडलने फिरवून १ आणि ४ वर आणा. २ आणि ३ च्या नळ्यांत स्वच्छ चिंध्या कोंबा. पाण्याची भोकेही चिंध्यांनी बुजवा.

वर येणारा पिस्टन आधी थोडा खाली ठेवा. नळ्याच्या भिंतीला, पिस्टनच्या वर, ग्रीसचे बोट फिरवा. मग पिस्टन पूर्ण वर घ्या. कडेच्या फटीत ग्रीस भरते. पडणारा चुरा त्या ग्रीसला चिकटतो, खाली जात नाही. हे काम दोन मिनिटांचे. आम्ही ते केले नाही, म्हणून आठ आठवडे गेले.

काजळीवर रॉकेल लावून थोडा वेळ मुरू द्या. या जीपचा पिस्टन ॲल्युमिनियमचा आहे. तो मऊ असतो. त्याला लोखंड लावू नका. बांबूची कामटी तासून घ्या आणि तिने खरवडा. वेळ लागेल. लागू द्या.

पिस्टन चकचकीत करण्याची गरज नाही. काळे कवच निघाले, की पुरे. जुन्या, झिजलेल्या इंजिनात तर मिस्त्री पिस्टनच्या अगदी काठाची पाव बोटभर कड तशीच सोडतात. तिने तेल वर चढायला थोडा अडसर होतो.

झडपा मिटलेल्या असतील, तेव्हाच त्यांची डोकी खरवडा. उघड्या झडपेच्या फटीत चुरा जातो. हँडल फिरवत एकेक झडप मिटवून घ्या. झडप करपलेली दिसली, तर ती काढून तिच्या बैठकीवर पेस्टने घासून बसवावी लागते. ते काम जाणत्या मिस्त्रीकडून करून घ्या.

हेड बिडाचे आहे. ते बाहेर काढून बाकावर ठेवा. ते बोथट पत्तीने खरवडले तरी चालते. मात्र जी बाजू इंजिनावर टेकते, तिला ओरखडा नको. कोणी कॉस्टिक सोड्यात उकळायला सांगतात. बिडाला ते चालते. ॲल्युमिनियमला मुळीच चालत नाही. सोडा ॲल्युमिनियम खातो. शिवाय तो हाताला आणि डोळ्याला भाजतो.

खरवडून झाले, की चुरा पुसून घ्या. पिस्टन खाली घ्या आणि चुऱ्यासह ग्रीस पुसा. मग २ आणि ३ वर आणून तेच करा. शेवटी सगळ्या चिंध्या मोजून बाहेर काढा. किती कोंबल्या होत्या, ते आधीच लिहून ठेवा.

*हेड बसवणे*

हेड आणि ठोकळा यांच्यामध्ये पॅकिंग असते. त्याला गॅस्केट म्हणतात. ते नवे घाला. जुने पुन्हा घालून चार पैसे वाचत नाहीत.

हेडवर पोलादी पट्टी आडवी, उभी आणि तिरपी ठेवून पाहा. खाली उजेड दिसला, तर हेड वाकले आहे. ते सपाट करून आणा.

आता बोल्ट आवळणे उलट क्रमाने. मध्यापासून सुरू करा आणि कडेकडे जा. तीन फेऱ्यांत आवळा. पहिली हलकी, दुसरी मध्यम, तिसरी पुरती. किती जोराने आवळायचे, त्याचा आकडा त्या त्या इंजिनाच्या पुस्तकात असतो. जोर दाखवणारा पाना मिळतो. त्याला टॉर्क पाना म्हणतात. अंदाजाने आवळले, तर एक बोल्ट सैल राहतो आणि दुसरा तुटतो.

पाणी भरा. इंजिनाचे तेल बदला. इंजिन सुरू करून तापू द्या. मग पुस्तकात सांगितल्याप्रमाणे बोल्ट पुन्हा तपासा.

६. धुळीपासून जपा

हे नीट वाचा. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसे मिसळत. शिसे विषारी आहे. लहान मुलांच्या मेंदूला ते फार बाधते. भारतात २००० सालापासून शिशाचे पेट्रोल बंद झाले. पण एखादे जुने इंजिन त्यानंतर उघडलेच नसेल, तर त्याच्या काजळीत शिसे असू शकते.

जुन्या काळच्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस नावाचा खनिज धागा असे. त्याची धूळ छातीत गेली, की वर्षांनी रोग होतो.

म्हणून काजळी आणि पॅकिंग कोरडे खरवडू नका. ओले करून खरवडा. तोंडाने फुंकू नका. हवेच्या पंपाने उडवू नका. नाकावर चांगला मास्क बांधा. मुलांना जवळ येऊ देऊ नका. चुरा ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत बांधा. काम झाल्यावर साबणाने हात धुवा आणि मगच भाकरीला हात लावा. ते कपडे वेगळे धुवा.

७. दुसरे उपाय

हेड न उघडता काजळी काढण्याचे उपायही लोक सांगतात.

प्लगच्या भोकातून रॉकेल घालून रात्रभर ठेवतात. त्याने काजळी थोडी मऊ होते. पण रॉकेल खाली उतरून तेल पातळ करते. म्हणून नंतर तेल बदललेच पाहिजे. कोणी चालू इंजिनात पाणी थेंब-थेंब सोडतात. वाफेने थोडी काजळी निघते. पण पाणी जास्त गेले, तर ते दाबले जात नाही आणि आतला दांडा वाकतो. हा खेळ करू नका. शंभर वर्षांपूर्वी प्राणवायू सोडून आतली काजळी जाळून टाकत. तेही जोखमीचेच.

आजच्या नव्या मोटारींत काजळी फारशी धरत नाही. त्यांत हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण यंत्र स्वतः राखते. पण काही नव्या इंजिनांत पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये उडते. ते झडपेवरून वाहत नाही. म्हणून तिथली झडप धुतली जात नाही आणि तिच्यावर काजळी धरते. ती काढायला अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या झोताने मारतात. टरफल काजळी काढते, पण पोलादाला ओरखडत नाही. आपली बांबूची कामटी आणि हा भुगा, दोहोंचे तत्त्व एकच. घाणीपेक्षा कठीण, पण धातूपेक्षा मऊ.

८. पुढे काय झाले?

पुस्तक संपायला चार महिने लागले. तेवढ्यात मिस्त्री आकडे शिकले. मग अक्षरे शिकले. एके दिवशी त्यांनी फिलर गेजच्या पातळ पात्यावरचा आकडा स्वतः वाचला. फिलर गेज म्हणजे फट मोजायची पाती. पूर्वी ते पाती जाडीने ओळखत. त्या दिवशी त्यांनी पाते उजेडात धरले, आकडा मोठ्याने वाचला आणि हसले. म्हणाले, "बोटाला ठाऊक व्हतं. आता डोळ्यालाबी कळलं."

पुढे जीपचे हेड आम्ही दोघांनी मिळून पुन्हा उघडले. त्यांनी बोल्टचा क्रम वाचला. आम्ही कामटी धरली.

आता मिस्त्री थकले आहेत. त्यांचा मुलगा गॅरेज चालवतो. जीप संस्थेच्या पडवीत उभी असते. २०२१ साली सरकारने नियम केला. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात जपलेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. अशी गाडी रोजच्या कामाला किंवा भाड्याला वापरता येत नाही. प्रदर्शनाला, मेळाव्याला नेता येते. आमच्या जीपची तशी नोंद केली आहे. वस्त्यांवर आता सडक गेली आहे. दवाखान्याची गाडी जाते.

गाडीच्या हातमोज्याच्या कप्प्यात एक वही आहे. हेड कधी उघडले, तेल कधी बदलले, ते तिच्यात लिहिलेले असते. पहिल्या पानावर मिस्त्रींचे अक्षर आहे. मोठे, वाकडे, पण वाचता येईल असे. दुसऱ्या ओळीत त्यांनी लिहिले आहे : 'पॉलिशपेपर नाही.'

खाली आमची सही आहे.

लक्षात ठेवा

काजळी काढण्याआधी ती का धरली, ते शोधा.
थंड इंजिन उघडा. गरम उघडू नका.
ॲल्युमिनियमला लोखंड, पॉलिशपेपर आणि सोडा लावू नका.
बोल्ट सैल करताना कडेकडून मध्याकडे. आवळताना मध्याकडून कडेकडे.
धूळ ओली करा. फुंकू नका.
पुस्तक असेल, तर वाचा. वाचता येत नसेल, तर वाचणाऱ्याला बोलवा.

प्रश्न

१. स्विच बंद केल्यावरही जीप का चालत राही?
२. काजळी धरण्याची चार कारणे सांगा.
३. पिस्टनच्या कडेला ग्रीस का लावतात?
४. मिस्त्रींनी तेल चोळून काय ओळखले?
५. तुमच्या घरी किंवा शेतावर कोणते इंजिन आहे? त्याचे पुस्तक कोठे ठेवले आहे, ते शोधून काढा. त्याचे पहिले पान वर्गात वाचून दाखवा.